तीन शिफारसपत्रं आणि एक शोकसभा

"तीन पत्रं! फक्त तीन!" मी नवऱ्यासमोर तीन बोटं नाचवली. "आज सोमवार. शुक्रवार शेवटची तारीख. मी सांगते, बुधवारी संध्याकाळीच तिन्ही पत्रं या टेबलावर पडलेली असतील. गुरुवारी काय करायचं ते तू ठरव!"

माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याच्या पायाला ब्रेक दाबायची सवय लागली आहे. समोरून काही वेगानं येताना दिसलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. आत्ताही दाबला गेला.

"सोळा वर्षं झाली तुला कॉलेज सोडून," तो म्हणाला. "ओळखतील तरी का?"

"मला? अरे, मी काय विसरण्यासारखी बाई आहे?"

यावर त्याचा पाय पुन्हा दाबला गेला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण माणूस एकदा फुशारकीच्या उतारावर लागला की कसला सावध होतोय!

तर आधी हे पत्रांचं लचांड कुठून आलं ते सांगते. मी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवते. म्हणजे एखादं गिऱ्हाईक जुन्या कपाटाचा टवका घेऊन येतं आणि म्हणतं, "अगदी असाच रंग पाहिजे." मी त्या टवक्याकडे बघायचं, चार डब्यांतून थेंब थेंब घालायचे, पट्टीवर फासायचं, वाळवायचं, खिडकीशी नेऊन पुन्हा बघायचं. मला चाळीस प्रकारचे पांढरे ओळखता येतात. नवऱ्याला दोन येतात, धुतलेला आणि न धुतलेला.

बी.एस्सी. झाल्यावर मला पुढे शिकायचं होतं. रंग का उडतो, कसा उडतो, हे मला शोधायचं होतं. प्रवेशसुद्धा मिळाला होता. पण आई अंथरुणाला खिळली आणि मी म्हटलं, सहा महिने नोकरी करू, मग बघू. आई चार वर्षं आजारी होती. ती गेली आणि माझे सहा महिने काही संपले नाहीत.

मग गेल्या महिन्यात आमच्याकडे एक यंत्र आलं. शिवणयंत्रापेक्षा लहान. टवका त्याच्या तोंडाशी धरला की चार सेकंदांत ते सांगतं, कुठल्या रंगाचे किती थेंब. चहा पीत नाही, खिडकीशी जात नाही, पाठ दुखते म्हणत नाही. या महिन्यात मला सांगण्यात आलं की पुढच्या एक तारखेपासून मी तक्रार विभागात बसायचं. म्हणजे ज्यांच्या भिंतींचे पापुद्रे सुटलेत त्यांची बोलणी टेलिफोनवर ऐकायची. वयाच्या अडतिसाव्या वर्षी!

त्याच दिवशी मी विद्यापीठाचा अर्ज मागवला. अर्जासोबत तीन शिफारसपत्रं जोडायची होती. एक नोकरीच्या ठिकाणाहून, दोन शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून. बस्स!

नोकरीच्या पत्राचीच मला खरी भीती होती. आमचे साहेब मला सोडायला तयार होतील का? सोळा वर्षांचा अनुभव, चाळीस पांढरे! मी केबिनमध्ये गेले तीच मुळी समजूत घालायच्या तयारीनं.

"साहेब, मला पुढे शिकायचंय. मला कळतंय, तुमची फार अडचण होईल..."

"वा! वा वा वा!" साहेब खुर्चीतून उठलेच. "कधी जाताय?"

"अजून प्रवेश मिळायचाय. त्यासाठी एक पत्र..."

"लिहितो ना! आत्ता लिहितो! बसा तुम्ही!"

मी या माणसाकडे सुट्टीचे अर्ज दिले आहेत. एकेका सहीला नऊ नऊ दिवस लागले आहेत. हे पत्र दहा मिनिटांत लिहून, टाइप होऊन, शिक्का मारून तयार झालं. साहेबांनी ते उभं राहून मला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य असं होतं : "यांना सोडताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे."

"साहेब, आनंद?"

"मग काय लिहू? दुःख होतंय लिहिलं तर ते विचारतील, मग सोडता कशाला?"

"निदान 'अतिशय' तरी काढा."

"आता शिक्का मारला!" असं म्हणून त्यांनी पाकीट चिकटवलं, आणि माझ्यासाठी केबिनचं दार स्वतः उघडून धरलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा!

शेड रूममध्ये परत आले तेव्हा यंत्रासमोर माझीच खुर्ची ठेवलेली दिसली. पण एक पत्र झालं होतं. मी डोळे कोरडे केले आणि दुसऱ्या पत्रामागे लागले.

दुसरं पत्र बेंझीन सरांचं. फळ्यावर ते बेंझीनचा षट्कोन असा काढायचे की वाटावं साच्यातून पाडलाय. म्हणून हे नाव. स्वभावानं देवमाणूस. कोणाला नाही म्हणाले नाहीत. मी मंगळवारी कारखान्यातून त्यांच्या घरी फोन लावला. शेजारी रंग दळायची चक्की घरघरत होती. फोन सरांच्या पत्नींनी उचलला.

"सर आहेत का?" मी ओरडले.

पलीकडून बारीक आवाज. "सर आता नाहीत."

"बरं बरं! मग केव्हा असतील?"

त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटून मी आणखी मोठ्यानं ओरडले.

"मी सरांची जुनी विद्यार्थिनी! पत्रासाठी फोन केला होता!"

"हो. पत्रं खूप आली. अजून रोज येताहेत."

इतक्या जणांना शिफारस हवी आहे? केवढी ही स्पर्धा!

"तुम्ही उद्या चारला या," त्या म्हणाल्या. "कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या हॉलमध्ये. सगळेच विद्यार्थी येणार आहेत."

"सगळे? मग मी लवकरच येते, म्हणजे माझा नंबर आधी लागेल!"

"असं बोलू नये गं, बाळा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कापरा झाला होता. "तुझं वय तरी काय?"

"अडतीस!" मी म्हणाले. "पण वयाची अट नाहीये!"

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, किती मायाळू बाई! आपल्या वयाची काळजी करते!

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी ती तोंडी विचारताच मंजूर केली. सोळा वर्षांनी सरांना भेटायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? फुलवाल्याकडे गेले आणि धंद्याला शोभेल असा गुच्छ निवडला. केशरी, लाल, पिवळा. पन्नास पावलांवरून डोळ्यांत भरेल असा. फुलवाल्यानं विचारलं, "शिक्षणाचं काम आहे का?" मी हो म्हटलं. त्यानं वरून एक सोनेरी रिबीन फुकट बांधून दिली. त्यावर छापलं होतं : "उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा!"

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं घडीच्या खुर्च्यांवर गप्प बसलेली. बहुतेकांचे कपडे पांढरे. त्यात मोजून अकरा वेगवेगळे पांढरे होते, हे माझ्या लक्षात आलं. बाकी काहीच आलं नाही! समोर एका खुर्चीवर सरांचा मोठा फोटो. मी म्हटलं, अरे वा, सत्कार आहे! मी गुच्छ उंच धरला आणि मधल्या वाटेनं तरातरा पुढे निघाले. चपला फरशीवर फटाफट वाजत होत्या. फोटो जवळ आला. फोटोखाली एक साल लिहिलं होतं. मग आडवी रेघ. मग चालू साल.

माझे पाय तिथेच थांबले. पण तोवर मी फोटोपाशी पोचले होते. सत्तर माणसं बघत होती. परत फिरणार कशी? शेजारी सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी गुच्छाकडे पाहिलं. रिबीन वाचली. सगळी वाचली.

"ठेव," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना रंग आवडायचे."

मी उज्ज्वल भविष्य सरांच्या फोटोसमोर ठेवलं आणि मागच्या मागे सरकत दुसऱ्या रांगेतली पहिली रिकामी खुर्ची गाठली. हुंदका आला. आता खरं सांगते, तो सरांसाठी होता की माझ्या दुसऱ्या पत्रासाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही. रुमाल काढायला पर्स उघडली तर वरच शिफारसपत्राचा छापील नमुना. प्राध्यापकांनी कुठल्या मुद्द्यांवर लिहायचं, ते त्यात दिलेलं. तो बाजूला करून मी रुमाल शोधत होते, तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे ग्रंथपाल माझ्यावर झुकले.

"तुम्ही लिहून आणलंय?" त्यांनी कानात विचारलं. "फार बरं केलंत! कुणीच तयारी करून आलेलं नाही. तीन वक्ते सांगितले होते, तिघेही आले नाहीत."

"अहो, नाही, हे म्हणजे..."

पण ते माइकपाशी पोचले होते. "आता सरांच्या एक आवडत्या विद्यार्थिनी, ज्या खास वेळ काढून आल्या आहेत, आपलं लेखी मनोगत वाचून दाखवतील."

टाळ्या नाहीत. शोकसभेत टाळ्या नसतात. त्यामुळे खुर्चीपासून माइकपर्यंतचं अंतर फार लांब वाटतं.

मी माइकसमोर उभी राहिले. माइकनं एक शिट्टी मारली. डोकं कोरं. सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे एवढं आठवत होतं, म्हणजे मला सरांची मुख्यतः पाठच आठवत होती. ती काय सांगणार! शेवटी मी हातातला कागद उघडला आणि पहिला प्रश्न दिसला : उमेदवारास आपण किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता?

"सरांना मी तीन वर्षं ओळखत होते," मी म्हणाले. "विद्यार्थिनी या नात्याने."

एक-दोन माना हलल्या. मी दुसऱ्या प्रश्नावर आले.

"सरांचं विषयाचं ज्ञान... उत्तम. म्हणजे अति उत्तम. प्रामाणिकपणा, अति उत्तम. संयम." इथे मी थांबले, कारण काहीतरी खरंच आठवलं. "संयम फार होता. प्रॅक्टिकलला माझ्या हातून एकदा अख्खी बरणी फुटली. सर काही बोलले नाहीत. खाली बसले आणि काचा वेचायला लागले. मी म्हटलं, सर, मी करते. तर म्हणाले, तू रंग बघ, तो हिरवा झालाय, पुन्हा असा दिसायचा नाही."

हॉलमध्ये कोणीतरी नाक पुसलं. पुढचा प्रश्न होता : उमेदवाराचे दोष, असल्यास.

"सरांचा दोष," मी म्हणाले, आणि अख्खी पहिली रांग ताठ झाली, "सरांचा दोष एवढाच की ते कोणाला नाही म्हणायचे नाहीत. त्यामुळे आपण सगळे त्यांच्याकडे फक्त काम असलं की जायचो."

सरांच्या पत्नींनी मान खाली घातली. मी घाईनं शेवटच्या प्रश्नाकडे वळले : या उमेदवारासोबत पुन्हा काम करण्याची संधी मिळाल्यास आपण ती घ्याल काय?

हे मला मोठ्यानं वाचताच येईना. पुन्हा संधी! मला तो फुटक्या काचांवरचा हिरवा दिसायला लागला. मग आईचं अंथरूण दिसलं, मग ते यंत्र, मग माझी खुर्ची. माझ्या घशातून असा काही आवाज निघाला की माइकसुद्धा शिट्टी विसरला.

"घेईन," मी म्हणाले. "लगेच घेईन. आणि... आणि मी सरांची ठामपणे शिफारस करते!"

कुठे शिफारस करते, ते मी सांगितलं नाही. पण सगळ्या हॉलनं एकदम वर पाहिलं.

सभा संपली आणि माझ्या गुडघ्याला काठीचं टोक लागलं. वर पाहते तर ताप मॅडम! उष्णतेचा विषय शिकवायच्या म्हणून ताप मॅडम. आणखीही कारणं होती.

"उद्या सकाळी नऊला माझ्या घरी ये," त्या म्हणाल्या. "शिफारसपत्र हवंय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू कागद धरला होतास, त्याची मागची बाजू आमच्याकडे होती. मोठ्या अक्षरांत छापलंय, 'पाकीट बंद करून पाठवावे.' माझे कान गेलेत, डोळे नाही."

गुरुवारी नऊला मी मॅडमच्या बैठकीत हजर. भिंतभर हजेरीपटांची कपाटं. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन जातात, या बाई हजेरीपट घेऊन आल्या होत्या.

"रोल नंबर?"

"सत्तेचाळीस."

त्यांनी पट काढला, धूळ झटकली, बोट फिरवलं. "छप्पन्न मार्क. शेरा नाही. तू मला अजिबात आठवत नाहीस."

"मी मधल्या रांगेत बसायचे, मॅडम."

"मधल्या रांगेतलं कोणीच आठवत नाही. मी काय शिकवलं ते तुला आठवतं का?"

मी खूप ताण दिला. "उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते."

"सोळा वर्षांत एवढंच उरलं?"

"एवढंच."

त्यांनी पट मिटला. मग लिहायला बसल्या. वीस मिनिटं नुसता पेनाचा आवाज. पाकीट बंद करून त्यांनी जोडावर आडवी सही केली. "उघडायचं नाही. आणि मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

हे ऐकून मला जो काही गारवा जाणवला, तो त्यांच्या विषयात बसत नाही!

दोन पत्रं झाली. तिसरं कोण देणार? कॉलेजमधले बाकीचे प्राध्यापक एक तर परदेशी होते, किंवा फोटोखाली रेघेच्या पलीकडे गेले होते. आणि त्याच संध्याकाळी सरांच्या पत्नींचा फोन आला.

"तुझ्या कागदाची मागची बाजू ग्रंथपालांनीही वाचली. तुला पत्र हवं होतं ना? ये घरी."

सरांची खोली जशीच्या तशी होती. टेबलावर चष्मा, चष्म्याखाली अर्धवट तपासलेला कुणाचा तरी प्रबंध. त्यांनी खण उघडला. आत सरांच्या नावाच्या छापील कागदांची गड्डी. सगळे कोरे, आणि प्रत्येकाच्या तळाशी सरांची सही.

"दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बसून केल्या," त्या म्हणाल्या. "मुलं येतील, हात हलवत परत पाठवू नकोस, म्हणाले."

त्यांनी एक कागद काढून माझ्या हातात दिला. सही शेवटी शेवटी खाली उतरत गेली होती. हात थकला असणार. मला तो कागद घ्यायला लाज वाटत होती, हे अगदी खरं आहे. आणि मी तो घेतला, हेही.

शुक्रवारी सकाळी नवरा म्हणाला, "लिही की! त्यांनी परवानगी दिलीय म्हटल्यावर!"

"पण स्वतःबद्दल काय लिहू?"

"तू सोमवारी माझ्यासमोर तीन बोटं नाचवताना जे बोलत होतीस ते लिही."

मी लिहिलं. सुरुवातीला पेन अडखळत होतं. पण स्वतःची स्तुती ही अशी चीज आहे की एकदा झाकण उघडलं की डबा रिकामा होईपर्यंत थांबत नाही! "ही विद्यार्थिनी अद्वितीय आहे. पस्तीस वर्षांच्या अध्यापनात अशी तल्लख बुद्धी मी पाहिली नाही. तिचे प्रश्न ऐकून मी स्वतः अंतर्मुख होत असे. परवाच तिची भेट झाली, आणि तिला पाहून मला अतिशय बरे वाटले." आणि वर उजव्या कोपऱ्यात, सोळा वर्षं रोज बॅचच्या कार्डावर टाकते तशी, सफाईदार अक्षरात आजची तारीख टाकली.

नवऱ्यानं शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती.

अर्ज वेळेत पोचला. पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. लांब टेबल, पलीकडे तिघेजण. मधले अध्यक्ष. त्यांच्यासमोर माझी तिन्ही पत्रं उघडून शेजारी शेजारी मांडलेली. रंग जुळवताना मी टवका आणि पट्टी अशीच मांडते.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "आमचा थोडा गोंधळ झालाय, तो तुम्ही दूर करा. या मॅडम लिहितात," त्यांनी चष्मा लावला, "'ही विद्यार्थिनी मला आठवत नाही. परंतु काल, बुधवारी, आमच्या दिवंगत सहकाऱ्याच्या शोकसभेत तिने केलेले भाषण मी शब्द न् शब्द ओठांवरून वाचले. गेलेल्या माणसाची इतकी मनापासून शिफारस मी ऐकलेली नाही. हिला खरोखर शिकायचे आहे. तिला प्रवेश द्यावा. खोटे बोलणे हिला जमत नाही.'"

मला रडू आलं. ताप मॅडम! मला वाटलं होतं...

"हा दिवंगत सहकारी म्हणजे हेच ना?" अध्यक्षांनी दुसरं पत्र उचललं. "जे त्याच शुक्रवारी लिहितात, 'परवाच तिची भेट झाली, आणि तिला पाहून मला अतिशय बरे वाटले'?"

माझं रडू जागच्या जागी थिजलं. डावीकडच्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. उजवीकडचे गृहस्थ पाणी पीत होते, ते त्यांना ठसक्यानं बाहेर टाकावं लागलं.

"भेट झाली हे खरंय, सर," मी म्हणाले. "म्हणजे फोटोची."

"या महिन्यात या सरांचं हे चौथं पत्र आलंय," अध्यक्ष म्हणाले. "आधीच्या तिघांनी निदान तारीख मागची टाकली होती. आम्ही काही म्हणू शकलो नाही. तुम्ही मात्र..." त्यांनी मॅडमच्या पत्रावर बोट ठेवलं. "खोटं बोलणं हिला जमत नाही. या मुद्द्यावर आमचं मॅडमशी पूर्ण एकमत आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. यंत्र, टवके, आई, चक्कीचा आवाज, सरांचा खण. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकलं. माणूस वाईट नव्हता. तेच जास्त वाईट वाटलं.

"बाई, मी तुमच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं," ते म्हणाले. "पण मी या जागी बसलोय. जरा बघा. तुमच्या साहेबांना तुम्ही जाताय याचा अतिशय आनंद होतोय. मॅडमना तुम्ही आठवत नाही. तोंड भरून स्तुती केलीय ती फक्त सरांनी, आणि ते हयात नाहीत." त्यांनी सरांचा कागद घडी करून माझ्याकडे सरकवला. "हे परत न्या. फाइलमध्ये ठेवलं तर मला पुढची कारवाई करावी लागेल. या वर्षी तुमचा विचार होणार नाही."

घरी आल्यावर नवऱ्यानं माझं तोंड पाहिलं आणि चहा ठेवला. त्या दिवशी तो पाय कुठेच दाबला गेला नाही. मॅडमच्या घरी जाऊन मी स्वतःच सांगितलं. त्या इतकं बोलल्या की मी सरकत सरकत दारापर्यंत गेले तरी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी तेव्हा असले तर लिहीन. नसले तर तू माझ्या सहीनं काही लिहू नकोस!"

एक तारखेला मी तक्रार विभागात बसले. पहिल्या दिवशी चौतीस फोन. त्यातला एक गृहस्थ म्हणत होता की यंत्रानं जुळवलेला रंग त्याच्या कपाटाशी जुळत नाही. मी त्याला म्हटलं, खिडकीशी नेऊन बघा. तो म्हणाला, बघितलं, आणि तुम्ही काय समजता स्वतःला? मी म्हटलं, काही नाही. आणि बाकीच्या तेहतीस जणांचीही मी तितक्याच नम्रपणे माफी मागितली.

पण सरांचा तो कागद पर्समध्ये होता. रुमाल काढताना हाताला लागायचा. शेवटी एका रविवारी दुपारी मी उठले आणि सरांच्या घरी गेले. या वेळी फुलं नेली नाहीत. सरांच्या पत्नींसमोर कागद ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या विश्वासाचा मी फार वाईट वापर केला."

त्यांनी मला आधी बसवलं, पाणी दिलं. कोणी येईल म्हणून त्यांनी दोन खुर्च्या मांडूनच ठेवल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर धूळ होती.

"अगं, पत्रं नेहमी मुलंच लिहून आणायची," त्या म्हणाल्या. "ते असतानासुद्धा. म्हणायचे, त्याच्याबद्दल त्याच्याइतकं मला कुठे माहीत आहे? ते फक्त वाचायचे, नको ते खोडायचे आणि मग सही करायचे. या वेळेला सही आधी झाली. खोडायचं राहून गेलं."

मग त्यांनी टेबलावरचा सरांचा चष्मा उचलून डोळ्यांना लावला, पेन्सिल घेतली आणि पत्र वाचायला सुरुवात केली.

"'अद्वितीय'. हा शब्द त्यांना चालायचा नाही." पेन्सिल फिरली. "'तल्लख'. नाही." पुन्हा पेन्सिल. "'अंतर्मुख'? ते? छे गं!" त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. ओळीमागून ओळ जात होती. मी आपली हात मांडीवर ठेवून निकालाची वाट बघत बसले होते, वयाच्या अडतिसाव्या वर्षी! पत्र संपलं तेव्हा एकसुद्धा वाक्य उभं राहिलं नव्हतं. वरती माझी ती सफाईदार तारीख, खाली उतरत गेलेली सही, आणि मधे नुसत्या आडव्या रेघा.

त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी थोडा विचार केला आणि सहीच्या वर, उरलेल्या जागेत, स्वतःच्या बारीक अक्षरात एक ओळ लिहिली. कागद माझ्यापुढे धरला. "एवढ्यावर त्यांनी सही केली असती."

मी वाचलं. "ही मुलगी माझ्या तासाला नेहमी वेळेवर येत असे."

मी त्यांचे आभार मानले, कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. सरांचा तास सकाळी सातला असायचा. त्या तीन वर्षांत मी एकदाही साडेसातच्या आधी पोचलेले नाही, हे त्या माउलीला सांगायची माझी काही हिंमत झाली नाही!